मदत हवी आहे: लिख्टेनश्टाइनचं हे पाकीट खरंच टपालातून गेलेलं की संग्रहासाठी हौसेनं बनवलेलं?

नमस्कार मंडळी,

सुटी तिकिटं जमवणं मी जवळपास बंद केलंय. पाण्यात भिजवून तिकीट सोडवलं की गाव, तारीख, पत्ता सगळंच जातं. म्हणून आता फक्त शिक्का बसलेली पाकिटं, तीही युरोपातल्या चिमुकल्या देशांची.

सध्या घोडं अडलंय लिख्टेनश्टाइनवर. तिथलं टपाल पूर्वी ऑस्ट्रिया चालवायचा. तिकिटंही ऑस्ट्रियाचीच, त्यामुळे जुनं पाकीट ओळखायचं ते शिक्क्यातल्या गावावरून: फाडुट्स, बाल्त्सर्स वगैरे. १ फेब्रुवारी १९१२ ला राजे योहान दुसरे यांचं चित्र असलेली ५, १० आणि २५ हेलरची (हेलर म्हणजे ऑस्ट्रियाचं तेव्हाचं छोटं नाणं) स्वतंत्र तिकिटं निघाली, पण वर ऑस्ट्रियन टपालाचं नाव कायम! १९२१ मध्ये कारभार स्वित्झर्लंडकडे गेला.

माझ्याकडे लिलावातून आलेलं पाकीट आहे त्यावर ही तिन्ही तिकिटं ओळीनं आहेत: हिरवं, लाल, निळं. पत्ता व्हिएन्नाचा. प्रत्येक तिकिटावर फाडुट्सचा शिक्का इतका नेटका बसलाय की गिऱ्हाइकांच्या रांगेसमोर कुणी कारकून असा मारेल, हे पटत नाही. भिंगातून पाहिलं तर शिक्क्याची कड तिकिटावरून कागदावर सलग उतरलेली दिसते, म्हणजे तिकिटं मागाहून चिकटवलेली नसावीत. पण मागची बाजू कोरी आहे आणि रजिस्टरची चिठ्ठीही नाही. ऑस्ट्रियात साध्या पत्राला तेव्हा १० हेलर पुरायचे, मग ४० कोण लावेल? विक्रेता म्हणतो, पत्र जड असेल. पाकीट पोस्टकार्डाहून जेमतेम मोठं, त्यात असं काय मावणार?

जाणकारांनी सांगावं: व्हिएन्नात साध्या पत्रांवर पोचल्याचा शिक्का मारायचे का? नसतील मारत, तर कोऱ्या पाठीवरून काहीच ठरत नाही.

असाच घोळ अँडोराचा. तिथे स्पेन (१९२८ पासून) आणि फ्रान्स (१९३१ पासून) दोघांचीही तिकिटं, आणि देशातल्या देशात साधं पत्र फुकट! मग अँडोरातूनच अँडोरातल्या पत्त्यावर तिकीट लावून गेलेलं पाकीट संग्राहकाचंच समजायचं का? व्हॅटिकनच्या १९३९ च्या 'सेदे व्हाकान्ते' (म्हणजे 'रिकामं आसन') छापाच्या तिकिटांबाबत तर मी हात टेकलेत. एक पोप वारले आणि दुसरे निवडले गेले, त्या मधल्या दिवसांपुरतीच ती चालायची. त्यावर हौशी पाकिटांचा नुसता सुळसुळाट आहे.

किमतीचं विचारत नाहीये, विकायचं नाही. हौशी पाकीट निघालं तरी ठेवणारच, फक्त वेगळ्या अल्बममध्ये.

जाता जाता: डोंबिवलीच्या पावसाळ्यात पाकिटांचा डिंक ओलावून झडपा चिकटतात. सिलिका जेल ठेवतोच, आणखी काय करता तुम्ही?