मदत हवी आहे : २०२० मध्ये ताटात काय होतं, हे कसं विचारू?

नमस्कार मंडळी. गृहविज्ञानाच्या एम.एस्सी.साठी छोटा प्रकल्प करतेय. आहाराची माहिती असलेल्या घरांत कोरोनाकाळात खाणं खरंच वेगळं होतं का? त्यासाठी सोलापूरच्या पूर्व भागात विडी आणि यंत्रमाग कामगारांच्या घरी फिरतेय.

प्रथिनं कशात असतात विचारलं, की बायका पटकन डाळ, अंडी सांगतात. पण टाळेबंदीत काय खाल्लं विचारलं, की एकच उत्तर : "काढा घेत होतो." भजी किती तळली, ते कुणी बोलत नाही! (आमच्याकडेही तेलाचा डबा महिनाअखेरीआधीच संपायचा.) भाकरी आणि शेंगाची चटणी तर "ते काय सांगायचं" म्हणून वगळतात. अहो, १०० ग्रॅम शेंगदाण्यात २५ ग्रॅमच्या आसपास प्रथिनं असतात!

एका मावशींनी तर सुनावलंच, "माहिती होतं गं सगळं. विड्या बंद, मजुरी बंद, फळं कशानं आणायची?" आता माहितीचा परिणाम आणि पैशाची ओढाताण वेगळी कशी काढू?

आठवणीसाठी सण धरून विचारू का? २५ मार्च २०२० ला देशभर टाळेबंदी लागली, तो पाडव्याचाच दिवस. पद्मशाली (तेलुगू बोलणारा विणकर समाज) घरांत तोच उगादी. कुणी असं सर्वेक्षण केलं असेल तर प्रश्न कसे मांडले, सांगा ना. आणि प्रश्नावली सोलापुरी तेलुगूत करून देणारं कुणी आहे का? पुढच्या आठवड्यात मॅडमना दाखवायचीय.