मदत हवी आहे: साक्षीदारांवरचा प्रबंध अडकलाय, सोमवारी आराखडा द्यायचाय

ऋता_कळवा
फॉरेन्सिक सायकॉलॉजीत (पोलीस-कोर्टाच्या कामातलं मानसशास्त्र) प्रबंध आहे, विषय साक्षीदारांची स्मरणशक्ती. पोलीस ठाण्यात तीनदा जाऊन आले, साहेब कायम बंदोबस्तावर. विषय बदलू का? जाणकारांनी लवकर सांगा प्लीज.

कोपरीकर
कुठला कोर्स? कसली परवानगी मागितलीत? काहीच लिहिलेलं नाही, लोकांनी सांगायचं काय?

घणसोलीचा_मामा
माझा भाचा गांधीनगरला राष्ट्रीय न्यायवैद्यक विज्ञान विद्यापीठात आहे. सरळ तिकडे जा. नार्को टेस्टला हल्ली फार मागणी आहे.

वकील_तीनहातनाका
मागणी? सुप्रीम कोर्टाचा निकाल वाचा, सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य, २०१०. संमतीशिवाय नार्को, पॉलिग्राफ, ब्रेन मॅपिंग काहीही करता येत नाही. संमतीने केली तरी त्यात बोललेलं पुरावा होत नाही. त्यातून पुढे काही सापडलं तर ते चालतं.

घणसोलीचा_मामा
मग टीव्हीवर दाखवतात ते?

वकील_तीनहातनाका
टीव्हीवर बरंच काही दाखवतात.

ऋता_कळवा
नार्कोचा काही संबंध नाहीये हो! एमए भाग दोन. चालू गुन्ह्यातल्या साक्षीदारांना भेटायची परवानगी मागितली होती.

कोपरीकर
चालू गुन्ह्यातल्या?? हे आधी सांगायचं ना. कोण देईल!

सीमा_वाशी
मी मानसशास्त्र शिकवते. ऋता, तुला खरे साक्षीदार लागतच नाहीत. एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर यांनी १९७४ मध्ये ४५ विद्यार्थ्यांना अपघातांच्या फिल्म दाखवल्या आणि गाड्यांचा वेग विचारला. प्रश्नातलं क्रियापद तेवढं बदललं. 'स्मॅश्ड' (जोरात आदळल्या) म्हटलं तर सरासरी उत्तर ताशी ४०.८ मैल, 'कॉन्टॅक्टेड' (नुसत्या लागल्या) म्हटलं तर ३१.८. दुसऱ्या प्रयोगात आठवड्याने विचारलं, काच फुटलेली दिसली का? 'स्मॅश्ड'वाल्या ५० पैकी १६ जण हो म्हणाले. फिल्ममध्ये काच नव्हतीच. हेच मराठीत कर.

मोगरा७
याच लॉफ्टस २०२० मध्ये लैंगिक अत्याचाराच्या खटल्यात हॉलिवूडचा निर्माता वाइनस्टीनच्या बाजूने साक्ष द्यायला उभ्या होत्या. असल्यांचा आदर्श नको.

सीमा_वाशी
त्या बचावपक्षाच्या तज्ज्ञ होत्या. त्यामुळे ४५ विद्यार्थ्यांची उत्तरं बदलत नाहीत.

मोगरा७
प्रयोगशाळेतली फिल्म आणि स्वतःवर बेतलेलं, यात फरक असतो मॅडम.

सीमा_वाशी
हा आक्षेप रास्त आहे. ऋता, मर्यादांच्या भागात लिही.

निवृत्त_रायटर
मी पोलीस ठाण्यात रायटर होतो, जबाब लिहून घ्यायचो. आमचा जबाब सुरूच व्हायचा 'समक्ष विचारलेवरून सांगतो की'. विचारलं काय, ते कागदावर यायचंच नाही. एका अपघातात रिक्षावाला म्हणाला, "घासून गेली साहेब." मी सवयीने लिहिलं, 'हयगयीने व भरधाव वेगात चालवून जोराची ठोकर मारली'. दीड वर्षाने कोर्टात तो छातीठोकपणे म्हणाला, जोराची ठोकर मारली. खोटं बोलत नव्हता. मला अजून तो हात आठवतो, 'घासून' म्हणताना तळव्यावरून तळवा फिरवलेला.

वकील_तीनहातनाका
साक्षीआधी जबाब वाचून दाखवला असेल. सगळीकडे दाखवतात.

निवृत्त_रायटर
असेल. पण मग ते वाक्य कोणाचं, त्याचं की माझं?

सीमा_वाशी
काका, गिस्ली गुडजॉन्सन नावाचे मोठे संशोधक आहेत. तेही आधी आइसलंडच्या पोलिसात होते. माणूस विचारणाऱ्याच्या सुराला किती बळी पडतो, हे मोजायची पट्टीच त्यांनी बनवली.

घणसोलीचा_मामा
पण यात नोकरी आहे का? पगार किती?

सीमा_वाशी
कॉलेजात शिकवायचं तर नेट किंवा पीएचडी. पगाराचं विचारू नका.

ऋता_कळवा
थांबा. लागली, घासली, धडकली, ठोकली, आदळली. पाच क्रियापदं झाली. 'ठोकली' फारच बोलीतली वाटते का? आणि क्लिप कुठून आणू?

कोपरीकर
संध्याकाळी कॅडबरी जंक्शनला मोबाईल घेऊन उभ्या राहा.

मोगरा७
तिथे गाड्या हलतच नाहीत, आदळतील कशा?

निवृत्त_रायटर
'ठोकली' ठेवा. लोक तेच म्हणतात.

कोपरीकर
आणि सोमवार म्हणजे कुठला? हा की पुढचा?

ऋता_कळवा
उद्याचा.