जपानी शिकताना अ‍ॅपवर कितपत विसंबावे?

कोथरूडकर:
डिसेंबरमध्ये जेएलपीटी या जपानी भाषेच्या प्रावीण्य परीक्षेची एन-५ ही सर्वांत सोपी पातळी देण्याचा माझा विचार आहे. नोकरीमुळे वर्गाला जाणे जमत नाही, म्हणून तीन महिने एक लोकप्रिय अ‍ॅप रोज अर्धा तास नेमाने वापरत आहे. एकही दिवस चुकलेला नाही, तरी ‘मी काल पुण्याला गेलो नाही’ एवढे साधे वाक्यही मला स्वतःहून जुळवता येत नाही. अ‍ॅप बदलावे की सरळ पुस्तक घ्यावे?

ओसाकावासी:
अ‍ॅप सोडू नका, मात्र त्याच्याकडून लिपी आणि शब्द एवढेच घ्या. ते इंग्रजीतून शिकवत असणार, त्यामुळे तुम्ही मराठी वाक्य आधी इंग्रजीत नेता आणि मग ते उलटेपालटे करून जपानीत आणता. हा द्राविडी प्राणायाम कशासाठी? ‘वाताशि वा पुने नि इकिमासु’ या वाक्याचा क्रम ‘मी पुण्याला जातो’ हाच आहे. ‘नि’ म्हणजे इथे आपला ‘ला’, ‘मो’ म्हणजे ‘ही’, आणि वाक्याच्या शेवटी येणारा ‘ने’ म्हणजे जवळजवळ आपला ‘ना’. ‘ताबेते मिरु’ तर शब्दशः ‘खाऊन पाहणे’ आहे, ‘मोत्ते कुरु’ म्हणजे ‘घेऊन येणे’. इंग्रजीतून शिकणाऱ्याला ज्या रचना समजावून सांगाव्या लागतात, त्या आपण लहानपणापासून बोलत आलो आहोत.

जपान फाउंडेशनची ‘इरोदोरी’ ही पाठमाला ध्वनिफितींसह विनामूल्य उतरवून घेता येते. तिच्यातील प्रत्येक वाक्याखाली मराठी वाक्य स्वतःच्या हाताने लिहा. शब्दांच्या उजळणीसाठी ‘अंकी’ हे शब्दपत्त्यांचे अ‍ॅप पुरेसे आहे. त्या नावाचा जपानी अर्थच मुळी पाठांतर असा आहे.

वर्णमाला:
वरील सल्ला पटतो, पण मराठीचा आधार सगळीकडे पुरत नाही. नामापुढे लागणाऱ्या ‘वा’ आणि ‘गा’ या प्रत्ययांतील फरकाला आपल्याकडे नेमका प्रतिशब्द नाही. तो भरपूर ऐकूनच अंगवळणी पडतो. दुसरे असे की जपानी शब्द देवनागरीत लिहिण्याची सवय पहिल्या आठवड्यातच मोडावी. ‘ओबासान’ म्हणजे मावशी किंवा काकू आणि ‘ओबाआसान’ म्हणजे आजी. हा लांबीचा फरक आपल्या लेखनात सहज निसटतो आणि मग चारचौघांत पंचाईत होते. हिरागाना या मूळ जपानी लिपीची ४६ अक्षरे अवघड नाहीत. आ, का, सा, ता, ना, हा, मा, या, रा, वा हा त्यांचा क्रम बौद्ध भिक्षूंबरोबर तिकडे गेलेल्या भारतीय वर्णमालेवरूनच आलेला आहे.

या परीक्षेत बोलण्याची चाचणी नसते, हेही ध्यानात असू द्या.

कोथरूडकर:
दोघांचेही आभार. वहीत पहिले वाक्य लिहून पाहिले: ‘किनोओ नि पुने नि इकिमासेन देशिता.’

ओसाकावासी:
छान जमले आहे, फक्त ‘किनोओ’पुढचा ‘नि’ काढा. आपण तरी ‘कालला’ कुठे म्हणतो?