ग्लियल सेल्सचा तक्ता पाठ होतो पण डोक्यात राहत नाही, कोणीतरी सांगा

रातकिडा_२२
नमस्कार मंडळी, फर्स्ट इयर चालू आहे आणि ग्लियल सेल्सपाशी (न्यूरॉनच्या म्हणजे चेतापेशींच्या मदतनीस पेशी) गाडी अडलीये. ॲस्ट्रोसाइट, ऑलिगोडेंड्रोसाइट, मायक्रोग्लिया, एपेंडायमल, चार नावं आणि समोर कामं, रात्री घडाघडा म्हणते आणि सकाळी सगळी सरमिसळ. परवा तोंडी परीक्षेत ब्लड-ब्रेन बॅरियर (रक्तातलं नको ते मेंदूत जाऊ न देणारी भिंत) कशाचं बनलंय विचारलं, मी ॲस्ट्रोसाइट म्हणून मोकळी झाले तर सरांनी नुसतं "हं" केलं आणि पुढच्या रोल नंबरला हाक मारली. चुकलं का माझं? आणि मायलिन (नसांच्या तारांवरचं आवरण) करायला मेंदूत ऑलिगो अन् बाहेरच्या नसांमध्ये श्वान सेल, हे दोन वेगळे कशाला, एकाने भागलं नसतं का?

पॅथवाली_ताई
अर्धं चुकलं गं. खरी भिंत रक्तवाहिनीच्या अस्तराच्या पेशींची, एंडोथेलियल, त्या टाइट जंक्शनने एकमेकींना इतक्या घट्ट चिकटलेल्या असतात की मधून फारसं काही सटकत नाही. ॲस्ट्रोसाइट बाहेरून पाय टेकवून उभा असतो (एंड फीट म्हणतात ते हेच) आणि भिंत ढिली पडू देत नाही. भिंत त्याची नाही, मुकादमकी त्याची.

तक्ता दे फेकून. प्रत्येक पेशीला एकच विचार, बाई तू उद्या कामावर आली नाहीस तर काय बिघडेल? ॲस्ट्रोसाइटचं घे. न्यूरॉनने सिनॅप्समध्ये (दोन न्यूरॉनच्या जोडावर) ग्लुटामेट (पुढच्याला उत्तेजित करणारं रसायन) सोडलं की ते उचलायचं काम मुख्यतः याचं, नाही उचललं तर पुढचा न्यूरॉन उत्तेजित होत होत मरतो. उचललेल्याचं हा ग्लुटामिन करून न्यूरॉनला परत देतो आणि ते करताना अमोनिया वापरला जातो, म्हणून लिव्हर फेल होऊन रक्तात अमोनिया वाढला की मेंदूत फुगतो तो ॲस्ट्रोसाइट, आणि पेशंट गुंगीत जातो, हात पुढे धरायला सांगितले तर पंजे फडफडतात. एकदा असा पेशंट बघितलास की ॲस्ट्रोसाइट जन्मात विसरणार नाहीस. शिवाय न्यूरॉनने सिग्नल सोडल्यावर बाहेर साचलेलं पोटॅशियमही हाच आवरतो.

एपेंडायमल सोपी आहे, वेंट्रिकलचं (मेंदूतल्या पोकळीचं) अस्तर, वर सिलिया म्हणजे बारीक केस. तिचंच खास रूप कोरॉइड प्लेक्ससवर (त्याच पोकळ्यांमधला रक्तवाहिन्यांचा गुच्छ) असतं, तिथे रोज साधारण ५०० मिली सीएसएफ (मेंदू-मज्जारज्जूभोवतीचं पाणी) बनतं आणि एका वेळी असतं जेमतेम १५० मिली, म्हणजे दिवसातून तीनेकदा पाणी बदललं जातं.

आणि स्लाइडवर चांदणीसारखा ॲस्ट्रोसाइट शोधत बसू नकोस, साध्या एच अँड ई स्टेनमध्ये (स्लाइड रंगवायच्या नेहमीच्या रंगात) त्याचे हात दिसतच नाहीत, फक्त फिकट अंडाकृती न्यूक्लियस दिसतो. गोल गडद न्यूक्लियस आणि भोवती रिकामं कडं दिसलं तर ऑलिगो, आणि गंमत म्हणजे ते कडं खरं नसतंच, टिश्यू फिक्स करण्यातला दोष आहे तो. बारीक, स्वल्पविरामासारखा वाकडा न्यूक्लियस म्हणजे मायक्रोग्लिया.

सगळं_माहितीये
एवढं कशाला, ग्लिया न्यूरॉनच्या दहापट असतात आणि त्यांना धरून ठेवतात, ग्लिया म्हणजेच गोंद. संपला विषय.

जुना_मास्तर
नावाचं बरोबर आहे, १८५६ मध्ये जर्मन पॅथॉलॉजिस्ट फिर्खोने त्याच अर्थाने ठेवलं, पण तिथेच थांबायचं नसतं राव. आणि दहापट हे वर्षानुवर्षं एका पुस्तकातून दुसऱ्यात उतरत आलंय. २००९ साली मेंदूचं अक्षरशः सूप करून त्यातली केंद्रकं मोजली तेव्हा न्यूरॉन सुमारे ८६ अब्ज निघाले आणि बाकीच्या सगळ्या पेशी मिळून ८५ अब्ज.

रातकिडा, तुझा श्वानचा प्रश्न चांगला आहे. श्वान सेल एकाच ॲक्सॉनच्या (न्यूरॉनच्या लांब तारेच्या) एकाच तुकड्याला स्वतःला गुंडाळून घेते, ऑलिगो हात पसरून चाळीस-पन्नास तुकड्यांपर्यंत गुंडाळते, कवटीत जागेची मारामारी असताना ते परवडतं. पण नस तुटल्यावर फरक कळतो, हातातली नस असेल तर श्वान सेल्स वाट तयार करतात आणि ॲक्सॉन दिवसाला साधारण १ मिमी वाढतो, मज्जारज्जूत मात्र ऑलिगोच्या मायलिनमधली प्रोटीन्सच वाढ अडवतात, वर ॲस्ट्रोसाइटचा व्रण.

हळूहळू_चला
मी डॉक्टर वगैरे नाही, मला आठ वर्षांपासून एमएस (मल्टिपल स्क्लेरोसिस, यात शरीरच स्वतःचं मायलिन खराब करतं) आहे म्हणून लिहितोय. माझं सुरू झालं उजव्या डोळ्यापासून, लाल रंग विटल्यासारखा दिसायला लागला. डोळ्याची नस ही नस म्हणवते पण खरी मेंदूचाच भाग, तिच्यावर मायलिन ऑलिगोचं, म्हणून एमएस तिथे गाठतो, हे मला तेव्हा कळलं. अजूनही कडक गरम पाण्याने अंघोळ केली की त्या डोळ्याने वीस मिनिटं धुरकट दिसतं, आवरण गेलेल्या तारेतून गरम झाल्यावर सिग्नल आणखीनच अडखळतो म्हणे. अंग थंड झालं की परत ठीक. तुमच्या तक्त्यातल्या "मायलिन बनवणे" या दोन शब्दांत माझी अंघोळसुद्धा येते.

रातकिडा_२२
बाप रे, आता ऑलिगो विसरणं शक्य नाही, काळजी घ्या दादा. एकच राहिलं, मायक्रोग्लिया. बाकीच्यांसारखीच ना ती पण?

पॅथवाली_ताई
छे, ती उपरी आहे. बाकीच्या तिघी न्यूरल ट्यूबच्या (गर्भातली मेंदू घडवणारी नळी) घरच्या, ही गर्भाच्या योक सॅकमधून (गर्भाला जोडलेली पिशवी) येऊन मेंदूत कायमची बिऱ्हाड करून राहिलेली, मॅक्रोफेज म्हणजे जंतू-कचरा गिळणाऱ्या पेशींच्या गोतावळ्यातली. कचरा खाते, जंतूंवर धावून जाते आणि लहानपणी नको असलेले सिनॅप्सही खुडते. परत तोंडी झाली की बॅरियरचं नीट सांग, आणि सर "हं" म्हणाले तर हे उपरीचं पण ऐकव.