बर्लिनच्या फुटपाथवरची पितळी नावं, त्यावर पाय कसा ठेवायचा?

घोडबंदरकर:
मंडळी, मुलीकडे बर्लिनला आलोय, मॉर्निंग वॉक इथेही चालूच. फुटपाथवर मधेच छोटे पितळी चौकोन दिसतात, एका दारासमोर तर चार, आईवडील आणि दोन पोरं असावीत, धाकट्याचं जन्मसाल १९३८ आणि खाली आउशविट्झ छळछावणीचं नाव. मुलगी म्हणाली नाझींनी मारलेल्या ज्यूंची आठवण आहे. ते ठीक, पण लोक खुशाल बूट घालून वरून जातात हो! आपण पुस्तकाला पाय लागला तरी नमस्कार करतो. भिंतीवर का नाही लावले?

पाचपाखाडी७८:
काका, श्टोल्परश्टाइन म्हणतात त्याला. गुंटर डेम्निग म्हणून कलाकार आहे, त्याने १९९२ ला कोलोनमध्ये पहिला बसवला, १० बाय १० सेंमीचा काँक्रीटचा ठोकळा, वर पितळेचा पत्रा, अक्षरं हाताने ठोकलेली. माणूस स्वतःच्या मर्जीने शेवटचा जिथे राहिला तिथेच बसवतात. रोमा (जिप्सी), समलिंगी, अपंग यांचेही आहेत, २०२३ ला एक लाख झाले. भिंतीला घरमालकाची परवानगी लागते, आपल्या सोसायट्यांची एनओसी आठवा म्हणजे कळेल 😀 आणि डेम्निगचं म्हणणं, वाचायला माणूस वाकतोच.

नौपाड्याची:
पंढरपूरला नामदेवाची पायरी आहेच की, त्यात काय अपमान?

टेंभीनाकेवाली:
ताई, नामदेवांनी ती जागा स्वतः मागून घेतली, आणि तिथेही लोक पाय देत नाहीत, डोकं टेकतात. ह्यांना कोणी विचारलं? मी बेने इस्रायली, म्हणजे इकडचीच मराठी ज्यू, आमचं सिनेगॉग (प्रार्थनास्थळ) इथलंच, ठाण्यातलं, १८७९ चं. आम्हाला नाझींची झळ लागली नाही म्हणून जपून बोलते, पण म्युनिकच्या ज्यू नेत्या शार्लोट क्नोब्लॉख स्वतः त्यातून वाचलेल्या, त्यांचाही विरोधच आहे. म्युनिकने २००४ ला सरकारी जागेवर नकोच म्हटलं, २०१५ ला पुन्हा तेच, आणि २०१८ पासून भिंतीवर पाट्या नाहीतर खांब. म्हणजे जमतं. अर्थात किती घरचेच लोक हे दगड हौसेने, सॉरी, आग्रहाने बसवून घेतात, त्यांना मी कोण नाही म्हणणार.

पाचपाखाडी७८:
हा मुद्दा पटला. पण ९ नोव्हेंबरला, १९३८ मध्ये त्या रात्री सिनेगॉगं जाळली ना, शेजारपाजारचे गुडघ्यावर बसून हे दगड घासतात, भिंतीवरची पाटी कोण घासतंय एवढं.

घोडबंदरकर:
आमच्या खालचे दोन पार काळे पडलेत. हिने पितांबरी आणलीय, परवानगी वगैरे लागते का?

पाचपाखाडी७८:
नाही लागत, कोणीही घासू शकतं. फक्त तारेची घासणी नको, मऊ स्पंज घ्या.