सीबॅम: बोल्टचा कार्बन कसा मोजायचा? छतावर सोलर टाकून आकडा उतरेल का?

खिळाबोल्ट_वाळूज

नमस्कार मंडळी. वाळूज एमआयडीसीतल्या फास्टनर युनिटसाठी विचारतोय. हाय टेन्साइल बोल्ट, एचएस कोड ७३१८. वायर रॉड (पोलादी जाड तारेची कॉइल) विकत येतो. मग पिकलिंग-फॉस्फेटिंग, ड्रॉइंग, कोल्ड हेडिंग (तार थंडच ठोकून बोल्टचं डोकं घडवणं), थ्रेड रोलिंग, एलपीजीवरच्या मेश बेल्ट भट्टीत हार्डनिंग-टेम्परिंग आणि शेवटी झिंक प्लेटिंग. वर्षाचं उत्पादन १,२०० टन, त्यातला २४० टन माल जर्मनीतल्या एका आयातदाराकडे जातो. त्याची सीबॅमची (युरोपात आयात मालावर लागणाऱ्या कार्बन शुल्काची) एक्सेल फाइल आलीय: २०२६ पासूनच्या मालाचा प्रतिटन कार्बन कळवा, नाहीतर डिफॉल्ट (नियमात ठरवून दिलेला) आकडा धरू आणि फरक तुमच्या दरातून वळता करू.

सध्याचा हिशोब: टनामागे वीज ५०० युनिट, एलपीजी ४५ किलो, जनरेटरचं डिझेल १० लिटर. सगळं मिळून साधारण ०.५२ टन कार्बन डायऑक्साइड येतो. मालकांचं म्हणणं, छतावर ३०० किलोवॉट सोलर टाकलं की आकडा खाली. बरोबर आहे का? आणि ५० टनांच्या आतल्यांना सूट आहे म्हणतात, तर दोन-तीन आयातदारांत माल वाटून द्यावा का?

उष्मांक

तुम्ही फक्त गेटच्या आतलं मोजलंय साहेब. बोल्टचा खरा कार्बन ट्रकमधून, वायर रॉडच्या पोटातून येतो.

सीबॅममध्ये पोलाद आणि ॲल्युमिनियमला पैसे लागतात ते फक्त थेट उत्सर्जनाचे. वीज त्या हिशोबात येत नाही. म्हणून तुमच्या ०.५२ मधले विजेचे ०.३६ इथे गळाले. डिझेलही गळालं, कारण जनरेटर वीजच बनवतो आणि त्याचा धूर विजेच्या खात्यावर पडतो. उरला एलपीजी: ४५ किलो गुणिले २.९८, म्हणजे १३४ किलो. भट्टीच्या वातावरणासाठी मिथेनॉल सोडत असाल तर किलोमागे १.३७५ किलो धरा. हा आकडा बहुतेक जण विसरतात. कँटीनचा सिलिंडर मात्र यात घालू नका.

आता रॉड. एक टन तयार बोल्टला किती रॉड लागतो? समजा १.०८ टन. रॉड बनवणाऱ्या मिलचा थेट आकडा टनाला २.४ असेल तर १.०८ × २.४ = २.५९. एलपीजी मिळवून २.७३ च्या आसपास. म्हणजे ९५ टक्के रॉडचंच. टोकं, रिजेक्शन, पंचिंगचा भंगार भंगारवाल्याला विकता, पण त्याची वजावट मिळत नाही. त्यामुळे रिजेक्शन दोन टक्क्यांनी कमी केलं तर जेवढा आकडा उतरेल, तेवढा तुमच्या सोलरने इथे उतरणार नाही.

एक सावधगिरी. २०२५ च्या दुरुस्तीत अशा फिनिशिंगच्या काही पायऱ्या हिशोबाच्या हद्दीबाहेर काढल्यात. आयातदाराने पाठवलेला नमुना जुना असू शकतो. ताजा मागवा आणि भट्टीचा रकाना उरलाय का ते आधी बघा.

हीट_नंबर

वरचं बरोबर, पण तो २.४ आणणार कुठून, खरी मारामारी तिथे आहे. मिल टेस्ट सर्टिफिकेटवर केमिस्ट्री आणि टेन्साइल असतं, उत्सर्जन नसतं. मिलला वेगळं पत्र द्यावं लागतं. त्यात विचारा: माल नेमक्या कोणत्या प्लांटचा, मार्ग कोणता (ब्लास्ट फर्नेस, स्पंज आयर्नवरची (न वितळवता खनिजातून काढलेल्या लोखंडावरची) इलेक्ट्रिक भट्टी की निव्वळ भंगार), थेट उत्सर्जन प्रतिटन किती, कोणत्या कालावधीचं आणि पडताळणी झालीय का.

मिलवाले बऱ्याचदा तीन चुकीच्या गोष्टी हातात देतात. पहिली, कंपनीच्या वार्षिक अहवालातली सरासरी. तिच्यात सगळे प्लांट आणि वीज एकत्र असते, शिवाय ती कच्च्या पोलादाच्या टनावर काढलेली असते. दुसरी, पर्यावरणीय उत्पादन घोषणापत्र. त्यात खाणीपासूनचं सगळं धरतात. तिसरी, ग्रीन स्टीलचे तारे. पोलाद मंत्रालयाने डिसेंबर २०२४ मध्ये वर्गवारी आणली: टनामागे कार्बन १.६ टनांच्या आत असेल तर पाच तारे, २.० पर्यंत चार, २.२ पर्यंत तीन. चांगली गोष्ट आहे, पण तिच्यात वीजही मोजतात. तो आकडा सीबॅमच्या रकान्यात टाकलात तर चुकलात.

आणि कॉइलचा टॅग! रॉड यार्डात असेपर्यंत हीट नंबर (मिलच्या भट्टीतल्या त्या वितळीचा क्रमांक) लटकत असतो. ॲसिडच्या टाकीत उतरण्याआधी तो काढतात आणि पुन्हा कोणी बांधत नाही. पडताळणीवाला नेमकं तिथेच बोट ठेवतो. जॉब कार्डवर हीट नंबर, कॉइलचं वजन आणि निघालेल्या बोल्टचं वजन या तीन नोंदी असल्या तर १.०८ हा आकडा सिद्ध करता येतो. नाहीतर तो तोंडी अंदाज.

तावडी_७७

मग जालन्याचा इंडक्शन भट्टीचा माल घेतला तर? विजेवर वितळतो, थेट धूर कमीच.

हीट_नंबर

भाऊ, कागदावर दिसतं तसं. पण चार्जमध्ये (भट्टीत टाकलेल्या मालात) स्पंज आयर्न किती ते बघा. कोळशावरचा स्पंज असेल तर त्याचं उत्सर्जन आधीचा कच्चा माल म्हणून चढतंच. आणि जालना मुख्यतः बांधकामाची सळई बनवतं. कोल्ड हेडिंगच्या रॉडला फॉस्फरस-सल्फर खाली हवं, भंगारातलं तांबं आवाक्यात हवं, पृष्ठभागावर सीम (लांबट चीर) चालत नाही. सळईच्या बिलेटचा रॉड हेडिंगला घेतला तर बोल्टचं डोकंच फुटेल.

ताळेबंद

पैशाचं सांगतो.

५० टनांची सूट पुरवठादाराला नाही, आयातदाराला आहे. त्याच्या वर्षभराच्या सगळ्या सीबॅम मालाची बेरीज धरतात, मग तो माल तुमचा असो, तैवानचा असो. तुमचेच २४० टन आहेत, तेव्हा तो प्रश्न मिटला. तीन आयातदारांत वाटलं तरी प्रत्येकाचे ८० होतात.

दुसरा गैरसमज याहून महाग पडतो. ‘२०२६ मध्ये फक्त अडीच टक्के भरायचे’ असं सगळीकडे ऐकू येतं. अडीच टक्के तुमच्या उत्सर्जनाचे नाहीत. युरोपातल्या कारखान्यांना मिळणारे फुकट परवाने (कार्बन सोडण्याचे) २०२६ मध्ये अडीच टक्क्यांनी कमी झाले, एवढाच त्याचा अर्थ. हिशोब असा: तुमच्या आकड्यातून बेंचमार्कचे (युरोपने त्या मालासाठी ठरवलेल्या प्रमाण आकड्याचे) ९७.५ टक्के वजा करायचे, उरलेल्याचे पूर्ण पैसे. समजण्यापुरते आकडे घेऊ. बोल्ट २.७, बेंचमार्क १.४, टनभर कार्बनचा परवाना ७५ युरो. १.४ चे ९७.५ टक्के १.३६५, उरले १.३३५ टन, म्हणजे टनामागे १०० युरो. अडीच टक्केवाला माणूस तेच ५ युरो धरून कोटेशन देऊन बसतो. २०३० ला कपात ४८.५ टक्क्यांवर जाते, तेव्हा याच बोल्टला १४८ युरो. २०३४ ला वजावट शून्य, २०२ युरो.

आयातदाराने घ्यायच्या सीबॅम सर्टिफिकेटची विक्री फेब्रुवारी २०२७ पासून आणि २०२६ च्या मालाचं विवरण ३० सप्टेंबर २०२७ पर्यंत. म्हणजे माल आज जातोय, बिल पुढच्या वर्षी येणार. करारात आत्ताच लिहून घ्या: वळती रक्कम पडताळलेल्या आकड्यावर काढायची की डिफॉल्टवर, आणि पडताळणीची फी कोणाची. डीडीपी अटीवर (पोचेपर्यंतचे सगळे कर-शुल्क विकणाऱ्याकडे) माल पाठवत असाल तर हा सगळा बोजा तुमच्याच गळ्यात येतो, तेव्हा ती अट आधी बदला.

खिळाबोल्ट_वाळूज

मोठा उलगडा झाला. म्हणजे सोलर रद्द?

उष्मांक

रद्द कशाला? कारण बदला. ३०० किलोवॉट म्हणजे वर्षाला चार लाखांवर युनिट, तुमच्या सहा लाखांच्या वापरातला मोठा हिस्सा. वीजबिल उतरेल आणि देशातल्या ग्राहकांच्या फॉर्ममध्ये ते दिसेलही. सेबीच्या नियमात मोठ्या लिस्टेड कंपन्यांनी २ टक्के किंवा जास्त खरेदी असलेल्या पुरवठादारांची माहिती द्यायची आहे. सध्या ते ऐच्छिक आहे, पण वाहन कंपन्या विचारू लागल्यात आणि तिथे वीज मोजली जाते. मालकांना फक्त एवढं सांगा की सोलरच्या परताव्यात सीबॅमची बचत धरू नका.

धुवण_टाकी

त्याच जर्मन फाइलमध्ये खाली पाण्याचा तक्ता असेल. तो ‘लागू नाही’ लिहून सोडू नका, मराठवाड्याचं नाव पाणीटंचाईच्या नकाशावर आधीच लाल असतं. २०१६ च्या उन्हाळ्यात उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाच्या आदेशाने इथल्या मद्य कारखान्यांचं पाणी ६० टक्क्यांपर्यंत तोडलं होतं, बाकी उद्योगांनाही कात्री लागली होती. खरेदीदाराला भीती असते ती अशा वर्षी डिलिव्हरी चुकण्याची.

तुमच्याकडे पाणी जातं ते प्लेटिंगच्या धुवणात. बोल्टसोबत एक लिटर द्रावण बाहेर येत असेल आणि ते हजारपट पातळ करायचं असेल, तर एका टाकीला १,००० लिटर लागतं. दोन टाक्यांत उलट प्रवाह ठेवला तर ३२ लिटर, तीन टाक्यांत १०. पाणी शेवटच्या टाकीत सोडायचं, माल पहिल्या टाकीतून पुढे न्यायचा. बॅरल बाथवर नीट निथळू द्या, घाईत उचललं तर हे गणित कोसळतं. आणि पाणी इतकं कमी केलं की क्षार साचतात, म्हणून शेवटच्या टाकीत कंडक्टिव्हिटी मीटर हवाच. नाहीतर पॅसिव्हेशनवर (झिंकवरच्या संरक्षक थरावर) पांढरे डाग येतात आणि मीठ फवाऱ्याच्या गंज-चाचणीत माल परत येतो.

खिळाबोल्ट_वाळूज

हीट नंबर काढायला घेतलेत. ३१ टन रॉड स्टॉकिस्टचा निघाला, मिल माहीत नाही. त्याचं काय करू?

हीट_नंबर

स्टॉकिस्टकडून मूळ सर्टिफिकेटची प्रत मागा, त्यावर मिल आणि हीट दोन्ही असतात. मग आकडा मिलकडूनच घ्या. प्रत नाहीच मिळाली तर तेवढ्या टनांना डिफॉल्ट लागेल हे आयातदाराला आजच कळवा. आणि पुढच्या खरेदी ऑर्डरवर एक ओळ टाका: प्रत नाही तर पेमेंट नाही.