1/32 चं नवं ब्यूफायटर: वाट पाहायची की हातातलं बांधायचं?

रात्रपाळी (धागाकर्ता):
गेल्या आठवड्यात वरच्या फळीवरचे सगळे खोके खाली उतरवले आणि फळी रिकामी ठेवली. घरच्यांनी विचारलं, काय येणार आहे? म्हटलं, ब्रिस्टल ब्यूफायटर, म्हणजे दुसऱ्या महायुद्धातल्या ब्रिटिश लढाऊ विमानाचं प्लास्टिक मॉडेल, 1/32 म्हणजे खऱ्याच्या बत्तिसाव्या भागाएवढं, नव्या साच्यातलं. कधी येणार? तेवढं सोडून काहीही विचारा.

कोणती कंपनी साचा कापतेय, कोणती नाही, या अफवा बाराही महिने चालू असतात. त्यात मला पडायचं नाही. माझं म्हणणं एवढंच की हे विमान मोठ्या स्केललाच शोभतं. खऱ्याचा पंखविस्तार 17.63 मीटर, म्हणजे 1/32 ला 55 सेंटीमीटर. तोकडं नाक, त्याच्याही पुढे आलेली दोन हर्क्युलिस इंजिनं, पोटात चार 20 मिमी तोफा. सुरुवातीच्या विमानांत या तोफांना 60 गोळ्यांचे ड्रम होते आणि ते बदलायचं काम मागे बसणाऱ्या निरीक्षकाचं. काळोखात, विमान वळणं घेत असताना, बिचारा तो जड ड्रम हाताने बसवायचा. 1/72 मध्ये तो ड्रम म्हणजे टाचणीचं डोकं. 1/32 मध्ये पकडायला चिमटा लागतो, पण ड्रम ड्रमसारखा दिसतो.

जानेवारी 1943 मध्ये ब्रिटिश हवाई दलातल्या प्रिंग या वैमानिकाने कलकत्त्याजवळ एका रात्रीत तीन जपानी बॉम्बर पाडले, ते ब्यूफायटरमधूनच. त्याच्या 176 स्क्वाड्रनचं विमान करायचंय. त्यासाठी थांबायची तयारी आहे. तुमचं काय?

सँडपेपर:
थांबा की खुशाल. नुसतं थांबून कोणी विमान बांधल्याचं मी पाहिलेलं नाही.

टामिया या जपानी कंपनीचं 1/48 किट आहे ना? पंख जवळपास 37 सेंमी भरतो, हातात घेतलं की वजन जाणवतं, आणखी काय हवं? 1/32 म्हणजे लांबी दीडपट, पण पृष्ठभाग सव्वादोनपट. तेवढं घासा, तेवढ्यावर प्रायमर मारा, आणि मग एवढ्या मोठ्या पंखावर मॅट काळा रंग एकसारखा बसवून दाखवा. रात्रीचं लढाऊ विमान म्हणून सुरुवात होते आणि शेवटी शाळेचा फळा तयार होतो.

रात्रपाळी:
फळा होतो तो रंगवणाऱ्यामुळे. काळ्यासाठी डबीतला काळा जसाच्या तसा मारला तर फळाच होणार. खाली करडा, वर पातळ हात, मधे मधे किंचित निळसर. आणि हे खेळायला जागा मोठी असेल तरच मजा आहे.

खिळेमोज्या:
दोघंही भलत्याच गोष्टीवर भांडताय. प्रश्न आकाराचा नाही, कंपनी त्या आकाराचं करते काय याचा आहे.

पॅनेलच्या रेषा, म्हणजे पत्र्यांच्या सांध्यांच्या रेषा घ्या. साच्यात 0.3 मिमी रुंदीची रेषा कोरली की 1/32 ला ती खऱ्या विमानावर 9.6 मिमीची फट होते. पत्र्यात करंगळी जाईल! तरी लोक म्हणणार, वा, काय खोल रेषा आहेत. शेपटीवरच्या कापड चढवलेल्या रडरचंही तेच. खरं कापड ताणून बसवलेलं असतं, किटमध्ये मात्र प्रत्येक फासळीमध्ये उन्हाने वाळलेल्या पापुद्र्यासारखा खळगा. पत्रे जोडणाऱ्या खिळ्यांबद्दल तर बोलायलाच नको (माझं टोपणनाव बघा). साचा एकाच दिशेने उघडतो, त्यामुळे फ्युजलाजच्या (विमानाच्या धडाच्या) वळणावरचे खिळे ओढल्यासारखे लांबट होतात.

आता हर्क्युलिस. त्यात स्लीव्ह व्हॉल्व्ह (सिलिंडरच्या आत सरकणारी बाहीच झडपेचं काम करते), म्हणजे नेहमीच्या रेडियल (गोलाकार मांडणीच्या) इंजिनाच्या तोंडावर दिसतात त्या झडपा उघडणाऱ्या पुशरॉडच्या नळ्याच नाहीत. इंजिनाच्या आवरणाच्या पुढच्या काठाची कडी हीच धूर गोळा करणारी नळी, म्हणून ती तापून तांबूस-तपकिरी पडलेली असते. मला ती कडी नीट हवी, तिची गोलाई बरोबर हवी. त्याऐवजी आत दोन्ही इंजिनांचे मिळून 28 सिलिंडर, वायरिंगसकट, आणि वरून आवरण बंद. शंभर तुकडे जोडा आणि कायमचे पुरून टाका.

नवशिका:
बाळबोध प्रश्न. आवरण उघडं ठेवून इंजिन दाखवता येत नाही का?

खिळेमोज्या:
येतं. पण मग आवरणाची जाडी उघडी पडते. प्लास्टिक 1 मिमी असेल तर तो 32 मिमीचा पत्रा झाला. रणगाडा म्हणून चालेल.

सँडपेपर:
म्हणजे तुम्ही माझ्याच बाजूचे!

खिळेमोज्या:
अजिबात नाही. मी थांबणारच आहे. फक्त तुमच्यापेक्षा जास्त कुरकुरत.

कपाटभर:
थांबण्याचा विषय निघालाच आहे तर ऐका. विंगनट विंग्ज या किट कंपनीने 1/32 लँकेस्टर (चार इंजिनांचं ब्रिटिश बॉम्बर) जाहीर केलं होतं. पंख 97 सेंमी. आम्ही भिंत मोजली, कंस ठोकले. 2020 मध्ये कंपनीच बंद झाली. पुढे ते लँकेस्टर बॉर्डर मॉडेल या दुसऱ्या कंपनीच्या खोक्यातून आलं खरं, पण तोवर माझ्या कंसांवर पुस्तकं बसली होती आणि ती उतरवायची इच्छा मेली होती.

दुसरं. समजा ब्यूफायटर आलं. आधी कुठलं येईल? टॉर्पेडोवालं टीएफ एक्स हे रूप, अंगुस्तानासारख्या नाकाचं, पोटाखाली टॉर्पेडो लटकलेलं. खोक्यावरचं चित्र त्याचंच उठून दिसतं. रात्रीवालं येईल दुसऱ्या खोक्यातून, विक्री बरी झाली तर. रात्रपाळी, तुम्ही दोनदा वाट पाहणार आहात हे धरून चाला.

रात्रपाळी:
हे मात्र लागलं. टीएफ एक्स आधी आलं तर घेणार नाही, असं आत्ता लिहून ठेवतो. (घेईन.)

नवशिका:
मला उलट वाटतं. दोन-तीन वर्षं हातात असतील तर तोवर 1/48 वर तो काळा रंग आणि ती तांबूस कडी शिकून घेता येईल. पहिलाच प्रयोग 55 सेंमीवर कशाला?

सँडपेपर:
धाग्यावरचा पहिला शहाणा माणूस.

खिळेमोज्या:
हे पटलं. करताना पंखातल्या मशीनगन बघून घ्या. उजवीकडे चार, डावीकडे दोन. दोन्हीकडे सारखी भोकं पाडून बसलेली मॉडेलं मी पाहिली आहेत, त्यातलं एक माझं.

रात्रपाळी:
ठीक आहे, 1/48 मागवतो. मोठ्याची वाट चालूच.
ता. क. फळी आज टेपने मोजली. 51 सेंटीमीटर. बाजूची उभी पट्टी काढता येते का बघतोय.